अश्वशक्ति आणि ऐपत

मोटारगाडी ही बहुतेकांच्या दृष्टीनें केवळ सोयीची वस्तु असते. माणसें आणि सामान घेऊन ती वेळेवर पोंचली, पेट्रोल बेतानें प्याली आणि वाटेंत रुसून बसली नाहीं, म्हणजे तिनें आपलें कर्तव्य केलें असें समजतात. परंतु जगांत असाहि एक वर्ग आहे कीं, ज्याला कोठें पोंचावयाचें नसतेंच. वळणावळणाच्या घाटांतून गाडी हांकणें हाच त्याचा मुक्काम. या वर्गाकरितां ज्या हलक्या, ठेंगण्या, बहुधा दोघांपुरत्या गाड्या निघतात त्यांना स्पोर्ट्‌स कार म्हणतात. या हौशी लोकांची अडचण अशी कीं, हौस तरुणपणीं असते आणि पैसा, आलाच तर, उतारवयांत येतो. त्यामुळें अशी एखादी नवी गाडी येणार असें कानीं आलें कीं दोन प्रश्न एकदम उभे राहतात: तिची शक्ति किती, आणि ती आपल्याला परवडेल काय? २००९ ते २०१२ या काळांत टोयोटा आणि सुबारू यांनीं मिळून काढलेल्या एका जपानी गाडीवरून हा वाद विशेष रंगला.

या गाडीची कुळकथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. टोयोटानें १९८३ सालीं कोरोला जातीची एक लहान गाडी काढली. कारखान्यांतील तिचें सांकेतिक नांव एई-८६. जपानी तरुण तिला नुसतें 'हाची-रोकु', म्हणजे 'आठ-सहा', असें म्हणत. इंजिन सुमारें १६०० घनसेंटिमीटरांचें, वजन हजार किलोंच्या आंत, आणि जोर मागच्या चाकांना. त्या सुमारास इतर लहान गाड्यांचा जोर पुढच्या चाकांकडे जात चालला होता. जोर मागें असला म्हणजे पुढच्या चाकांना केवळ वळण्याचें काम उरतें, आणि रस्त्याचा स्पर्श चालविणाऱ्याच्या हाताला स्वच्छ कळतो. पुढें ही गाडी जुन्या बाजारांत स्वस्त मिळूं लागली, म्हणून घाटांत शिकणाऱ्या मुलांची ती लाडकी झाली. शुइची शिगेनो यांच्या १९९५ सालीं सुरू झालेल्या 'इनिशियल डी' या चित्रकथेंत दुकानांतला टोफू गिऱ्हाइकांकडे पोंचविणाऱ्या मुलाच्या हातीं हीच गाडी दिली आहे. टोयोटाचें मात्र या बाजूला दुर्लक्ष झालें, आणि २००७ सालापर्यंत सुप्रा, सेलिका व एमआर-एस या तिन्ही गाड्या बंद पडल्या. २००८ सालीं टोयोटा आणि सुबारू यांनीं मागच्या चाकांवर चालणारी एक स्वस्त स्पोर्ट्‌स कार संयुक्तपणें बनविण्याचें जाहीर केलें. ऑक्टोबर २००९ मध्यें टोकियोच्या प्रदर्शनांत तिचा नमुना दिसला, आणि वादाला तोंड फुटलें.

हौशी मंडळींत दोन तट पडले. एका तटाचें म्हणणें सरळ होतें. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्स एसटीआय या गाडींत टर्बो लावलेलें इंजिन ३०० अश्वशक्ति देत असतां तसलेंच इंजिन या हलक्या गाडींत कां बसवूं नये? टर्बो म्हणजे इंजिनांतून सुटणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो आंत अधिक हवा दाबून भरतो, त्याबरोबर अधिक पेट्रोल जळतें आणि शक्ति वाढते. दुसऱ्या तटाचें म्हणणें असें कीं, किंमत चढली तर ही गाडी आपल्याकरितां राहणारच नाहीं. ती पन्नाशी गांठलेल्या सुखवस्तु गृहस्थाच्या दारची शोभा होईल. हे लोक माझदाच्या एमएक्स-५ गाडीचा दाखला देत. १९८९ सालीं आलेल्या त्या गाडीची शक्ति अवघी ११६, वजन हजार किलोंहून कमी, अमेरिकेंतील किंमत १३,८०० डॉलर. आणि तरीहि तिला इतकी मागणी आली कीं विक्रेते ठरल्या किंमतीवर वरकड पैसे मागूं लागले.

शक्तिवाद्यांच्या मागणींत एक गृहीत दडलेलें होतें. शक्ति ही सुटी मिळणारी वस्तु आहे, गाडी आहे तशीच ठेवून तिच्यांत शंभर अश्वशक्ति तेवढ्या वाढवितां येतात, असें ते धरून चालत. टांग्याचें उदाहरण घ्यावें. एका घोड्याच्या टांग्याला दुसरा घोडा जोडावयाचा म्हटलें कीं दोन्ही बाजूंच्या दांड्या काढून मध्यें एकच भक्कम दांडी घालावी लागते, साज दुप्पट, चारा दुप्पट. आणि एवढें करून जुन्या चाकांचा भरंवसा नाहीं तो नाहींच. मोटारीचेंहि तसेंच आहे. इंजिनाचा जोर वाढला कीं तो पेलणारा क्लच मोठा हवा, गिअरपेटींतील दांतेरी चाकें जाड हवींत, मागच्या चाकांकडे जोर नेणारे दांडे मजबूत हवेत. वेग वाढतो म्हणून ब्रेकहि मोठे. कारण वेग दुप्पट झाला तर गाडी थांबवितांना ब्रेकांना गिळावी लागणारी उष्णता चौपट होते. टर्बोनें दाबून तापलेली हवा निवविण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. या प्रत्येक गोष्टीनें किंमत वाढते आणि वजनहि वाढतें, आणि वाढलेलें वजन ओढावयाला पुन्हां शक्ति हवीच! पेट्रोल, टायर आणि विम्याचा हप्ता हा खर्च तर दुकानाबाहेर पडल्यावरचा.

मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनीं म्हणूनच तीन गोष्टी वर्ज्य ठरविल्या: टर्बो नको, चारी चाकांना जोर नको, आणि रस्त्याला घट्ट धरून बसणारे टायर नकोत. तिसरी गोष्ट ऐकून पुष्कळांना हंसूं आलें, कारण गाडीवर बसविलेला टायर टोयोटाच्याच प्रियस या काटकसरी गाडीच्या एका प्रकारावरहि येत असे. परंतु त्यांत विचार होता. टायरची पकड बेताची असली म्हणजे गाडी माफक वेगांतच सरकूं लागते, आणि तिचा स्वभाव चालविणाऱ्याला जिवावर न बेततां कळतो. सुबारूच्या इंजिनांतील दट्टे उभे नसून आडवे, समोरासमोर हालतात. त्यामुळें इंजिन बुटकें राहतें, जमिनीलगत बसवितां येतें, आणि वळणावर गाडी कमी कलते. त्यावर टर्बोच्या नळ्यांचें जंजाळ चढविलें असतें तर मुख्य लाभालाच बाध आला असता.

२०१२ सालीं गाडी बाजारांत आली. इंजिन दोन लिटरांचें, शक्ति २००, वजन साडेबाराशें किलोंच्या आसपास. अमेरिकेंत टोयोटानें ती आपल्या सायन या शाखेच्या नांवानें २४,२०० डॉलरांस विकावयास काढली. विरोधकांना लगेच शस्त्र सांपडलें: फोर्डची मस्टँग व्ही-६ त्याहूनहि कमी किंमतींत मिळत होती, आणि तिची शक्ति ३०५! कागदावर हा हिशेब बिनतोड होता. मात्र मस्टँगचें वजन दीड हजार किलोंहून अधिक होतें. शिवाय तिचें इंजिन फोर्डच्या एफ-१५० या मालवाहू गाड्यांतहि जात असल्यानें त्याचा खर्च फार मोठ्या संख्येवर वांटला जाई. लहान गाडीच्या नशिबीं ती सोय नव्हती.

तथापि शक्तिवाद्यांचें गाऱ्हाणें अगदींच पोकळ होतें असें नाहीं. त्यांना त्याचें नांव तेवढें बरोबर सांपडलें नव्हतें. अश्वशक्तीचा जो आंकडा जाहिरातींत छापतात तो इंजिन अगदीं शिगेला पोंचलें असतां मिळणारा. या गाडींत दर मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर. चाकें फिरविण्याचा जो पीळ, ज्याला यंत्रशास्त्रांत टॉर्क म्हणतात, तो या इंजिनांत २०५ न्यूटन-मीटर होता. पण तोहि ६,४०० फेऱ्यांच्या पुढें. उलट साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान या पिळाला चक्क खळगा पडत असे. गांवांतून जातांना किंवा पुढची मालमोटार ओलांडतांना इंजिन नेमकें याच टप्प्यांत असतें. तेथें पाय दाबूनहि गाडी उसळत नाहीं, असा अनुभव आला कीं चालविणारा म्हणतो, शक्ति कमी आहे. आणि मागतो शंभर घोडे. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, त्यांतला हा प्रकार. कित्येकांनीं बाहेरच्या कारखान्यांचे टर्बो बसवून घेतले. त्यांत कांहीं हजार डॉलर तर गेलेच, पण कंपनीची हमीहि धोक्यांत आली. २०१७ च्या आवृत्तींत पांच अश्वशक्ति वाढल्या. त्यानें कोणाचेंच समाधान झालें नाहीं.

खरा इलाज दुसऱ्या अवतारांत झाला. सुबारूनें तो नोव्हेंबर २०२० मध्यें व टोयोटानें एप्रिल २०२१ मध्यें लोकांपुढें आणला. टर्बो याहि वेळीं नव्हताच. दट्ट्याची धांव ८६ मिलिमीटर तीच ठेवून सिलिंडरांचा व्यास तेवढा ८६ वरून ९४ मिलिमीटर केला. इंजिन २,३८७ घनसेंटिमीटरांचें झालें. शक्ति २०० ची २२८ झाली, म्हणजे मागणाऱ्यांच्या मानानें थोडकीच. पण पीळ २५० न्यूटन-मीटरांपर्यंत गेला, आणि तो ३,७०० फेऱ्यांवरच मिळूं लागला; जेथें खळगा होता तेथेंच भर पडली. वजन २०१२ च्या मानानें पंचवीस किलोंच्या आसपासच वाढलें. अमेरिकेंत २०२२ सालच्या टोयोटाची किंमत २७,७०० डॉलरांपासून सुरू झाली. मधल्या दहा वर्षांची महागाई हिशेबांत घेतली तर नवी गाडी जुनीहून स्वस्तच ठरते. ज्यांना अधिक पकडीचे टायर हवे होते त्यांना ते वरच्या प्रकारावर, थोडे अधिक पैसे मोजून, मिळूं लागले. सर्वांत स्वस्त प्रकारावर जुन्या गाडीचेच टायर कायम राहिले.