मनगटावरचे सोळा वाफे

शिरूर तालुक्यातल्या आमच्या कारेगावात विहिरीची खोली अजूनही काही जुनी माणसं परसात सांगतात. परस म्हणजे एक माणूस. तो माणूस केवढा, हे सांगणाऱ्याच्या उंचीवर आणि उत्साहावर अवलंबून. आमची मळ्यातली विहीर सहा परस, म्हणजे साधारण दहा मीटर. पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या पोराचा डबा सुटला की पुढची परीक्षा ठरलेली असायची : बुडी मारून तळाचा गाळ मुठीत आणायचा. अर्ध्यावरच कानात कळ जायची आणि बहुतेक जण तिथूनच परत फिरायचे. विहिरीत कुणीतरी आहे आणि ते कान ओढतं, असं आम्ही लहानग्यांना सांगायचो.

कान ओढणारं ते वजन होतं. आपल्या डोक्यावर आकाशापर्यंत जेवढी हवा आहे, तिच्या सगळ्या दाबाइतका दाब नुसतं दहा मीटर पाणी देतं. कित्येक किलोमीटर उंचीचं ते हवेचं आवरण सहा परसांत घडी घालून ठेवल्यासारखं. हे मला कळलं ते फार उशिरा, मालवणच्या समुद्रात, मनगटावर बांधलेल्या एका जाडजूड घड्याळामुळे. त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात.

मालवण-तारकर्लीला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्कूबा करून आलेले लोक आता रांजणगाव एमआयडीसीच्या प्रत्येक शिफ्टमध्ये सापडतील. पंधरा-वीस मिनिटं, चार-सहा मीटर, हात धरून नेणारा वाटाड्या, माशांबरोबर फोटो. त्यात पर्यटकाच्या मनगटावर हे यंत्र नसतं आणि त्याची फारशी गरजही पडत नाही. पण रीतसर शिकून अठरा-वीस मीटरवर जायचं, दिवसातून दोन-तीनदा जायचं, किंवा कधी किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवरच्या आंग्रिया बँकेवर जायचं, जिथे प्रवाळांचा माथाच वीसेक मीटरवर सुरू होतो, तर हे घड्याळ हवंच.

पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, ते रक्तातलं काहीतरी मोजत असणार. नाडी, प्राणवायू, असलं काही. पडद्यावर चक्क लिहून येत होतं, 'या खोलीवर तुझी अजून एकवीस मिनिटं उरली.' एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्यानं निदान नाडी तरी पाहिलेली असावी! पण तसं काहीच नाही. बहुतेक यंत्रं शरीराला काडीमात्र विचारत नाहीत. त्यांना दोनच गोष्टी कळतात, दाब आणि वेळ. पाण्याचं तापमान दाखवतात, ते जाता जाता. बाकी सगळं गणित. तेही खऱ्या माणसाचं नव्हे, एका कल्पित देहाचं.

हा देह कळायला शिरूर तालुक्यातलं रान पुरेसं आहे. पाऊस पडला की मुरमाड रानात पाणी झटकन मुरतं आणि झटकन निघूनही जातं. दोन दिवसांत वाफसा. काळ्या रानात ते सावकाश मुरतं आणि मग आठवडा झाला तरी औत घालता येत नाही. पाण्याखाली शरीरात नायट्रोजनचं असंच होतं. हवेत जवळजवळ चार पंचमांश नायट्रोजन. एरवी तो आत येतो आणि तसाच बाहेर जातो. पण दहा मीटरवर स्कूबाच्या नळीतून येणारा प्रत्येक श्वास दुप्पट दाबाचा असतो आणि जास्तीचा नायट्रोजन रक्तातून अंगात मुरायला लागतो. रक्त आणि मेंदू मुरमाड, लगेच भरणारे. चरबी आणि सांधे काळं रान. विहिरीत बुडी मारणारा पोरगा वरून घेतलेला एकच श्वास घेऊन जातो, म्हणून त्याच्या अंगात मुरायला काही फारसं नसतंच.

मुरलेला वायू सावकाश निघाला तर तक्रार नाही. घाईनं वर आलं तर काय होतं, हे जत्रेतल्या गोटी सोड्याला विचारावं. गोटी आत दाबली की दाब सुटतो आणि इतका वेळ गुपचूप विरघळलेला वायू फसफसून बाहेर येतो. हाच प्रकार सांध्यात झाला तर वेदना, मज्जारज्जूत झाला तर लुळेपणा.

याचं पहिलं नीट गणित बकऱ्यांवर झालं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोखंडी टाकीत बकऱ्या कोंडून हवेचा दाब वाढवला, मग कमी केला आणि बाहेर आल्यावर त्या कशा चालतात ते पाहिलं. सांध्यात बुडबुडे झालेली बकरी पुढचा एक पाय उचलून धरते. आमच्याकडचा कोणताही मेंढपाळ ते लांबून ओळखेल. त्यावरचा निबंध त्यांनी 1908 मध्ये प्रसिद्ध केला. हाल्डेननं शरीराचे मनातल्या मनात पाच कप्पे केले. एक पाच मिनिटांत अर्धा भरणारा, मग दहा, वीस, चाळीस आणि पंचाहत्तर मिनिटांचा. पाच मिनिटांचा कप्पा पाच मिनिटांत अर्धा, दहाव्या मिनिटाला पाऊण, पंधराव्याला त्याच्याही पुढे, असा भरत जातो. सुटतानाही हीच चाल. या पाच कप्प्यांवरून त्यानं पाणबुड्यांसाठी तक्ते केले आणि ब्रिटिश नौदलानं ते वापरात आणले.

हाल्डेनच्या या कामात त्याचा पोरगाही ओढला गेला होता. 1906 साली स्कॉटलंडच्या समुद्रात चाचण्या चालू असताना तेरा वर्षांच्या जॅकला बापानं पाणबुड्याचा पोशाख घालून खाली उतरवलं. पोशाख मापापेक्षा मोठा, आत पाणी शिरत होतं. हाच जॅक पुढे जे. बी. एस. हाल्डेन या नावानं जनुकशास्त्रात गाजला, 1957 मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. डाइव्ह कॉम्प्युटरच्या वंशावळीतला एक माणूस आपल्या मातीत संपला, हे मला उगाच आवडतं.

कप्प्यांची संख्या पुढे वाढत गेली. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान या डॉक्टरनं ती सोळावर नेली. सर्वांत चपळ कप्पा चार मिनिटांत अर्धा होणारा आणि सर्वांत सुस्त 635 मिनिटांचा, म्हणजे साडेदहा तासांहून जास्त. आजची बरीचशी यंत्रं हेच सोळा कप्पे किंवा त्यांची सुधारलेली आवृत्ती चालवतात. मी त्यांना वाफे म्हणतो. पाण्याखाली दर काही सेकंदाला यंत्र दाब पाहतं आणि सोळाही वाफ्यांत किती मुरलं, किती निघालं हे पुन्हा मांडतं. जो वाफा सर्वांत आधी काठोकाठ येणार, त्याच्यावरून ती 'उरलेली मिनिटं' ठरतात. 1983 च्या सुमारास अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बाजारात आली. त्याआधी माणसं छापील तक्ते घेऊन बसायची. पाडी या संस्थेच्या तक्त्यात अठरा मीटरला 56 मिनिटं आणि तीस मीटरला फक्त 20. तक्ता मात्र असं धरतो, की माणूस पूर्ण वेळ सर्वांत खोल जागीच बसून होता. खरा माणूस वर-खाली फिरत असतो आणि कॉम्प्युटर त्याच्या प्रत्येक चढउताराची दखल घेतो. म्हणून तो जास्त वेळ देतो.

पडद्यावरचे आकडे वाचायची सवय एक-दोन दिवसांत होते. खोली, गेलेला वेळ, उरलेली मिनिटं. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या पुढे गेला की तो किंचाळतो, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला सांगतो. त्या तीन मिनिटांत चपळ वाफे बरेच कोरडे होतात. करायला काही नसतं, फक्त टांगून राहायचं. मला डाइव्हमधला हाच भाग सर्वांत जास्त आवडतो, हे ऐकून आमचे शिकवणारे हसले होते. उरलेली मिनिटं शून्य झाली तर मात्र यंत्र ठरावीक खोलीवर सक्तीचे थांबे लावतं. ते न पाळता वर आलात तर बरीच यंत्रं रुसतात आणि दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ, पुढचं गणित करायलाच नकार देतात. ते बरोबरच आहे. हिशेबाची वही खोटी ठरल्यावर पुढच्या नोंदीला अर्थ काय?

यंत्र सांगतंय म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत खाली बसणं हा मात्र मूर्खपणा. रात्रभर गाडी चालवून आलेला, पाणी न प्यालेला, आदल्या रात्री जरा जास्तच बसलेला माणूस आणि कसलेला तरुण, दोघांच्या मनगटावर आकडा एकच येतो. वाफे कल्पित आहेत. थकवा, थंडी, वय यातलं त्यांना काही ठाऊक नाही. बहुतेक यंत्रांत सावधपणा वाढवायची सोय असते. ती वापरायला लाजू नये.

आता घाटाची गोष्ट. आम्हा देशावरच्यांसाठी सर्वांत महत्त्वाची तीच आहे आणि तीच कुणी सांगत नाही. डाइव्हनंतर विमानात बसायचं नाही, हे शिकवतात. विमानाच्या आत हवा विरळ केलेली असते, म्हणजे गोटी आणखी थोडी दाबल्यासारखं. 2002 साली तज्ज्ञांनी मिळून ठरवलेली मर्यादा अशी : थांबे न लागलेली एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर 18 तास, सक्तीचे थांबे लागले असतील तर त्याहून बरंच जास्त. हा हिशेब 2,000 फुटांपासून वरच्या दाबासाठी आहे. आता कागद-पेन्सिल घ्या. 2,000 फूट म्हणजे 610 मीटर. आंबोली त्याच्या वर. कोल्हापूर, पुणे, आमचं कारेगाव पाचशे-सहाशेच्या घरात, म्हणजे इथली हवा समुद्रकाठच्यापेक्षा सहा-सात टक्के पातळ. दुपारी शेवटची डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढणारा माणूस चारचाकी विमानातच बसलेला असतो. सहलीतल्या सहा मीटरच्या फेरीनं सहसा काही बिघडत नाही, घाबरू नका. पण तीन दिवस खोल डाइव्ह करणाऱ्यानं शेवटची रात्र मालवणातच काढावी. सोलकढीला तेवढंच निमित्त.

सुस्त वाफा किती काळ ओला राहतो? 635 मिनिटांचा वाफा जवळजवळ पूर्ण कोरडा व्हायला सहा पट वेळ धरतात. ते झाले अडीच दिवसांहून जास्त. सोमवारी सकाळी कामावर हजर होऊन कार्ड पंच करताना तुमच्या अंगात शनिवारच्या समुद्रातला नायट्रोजन थोडासा शिल्लक असतो.

म्हणूनच हे यंत्र उसनं देत-घेत नाहीत. पहिली डाइव्ह मित्रानं केली, दुसरी तुम्ही त्याच्या यंत्रावर केलीत, तर त्याच्या ओल्या रानाचा हिशेब तुमच्या माथी. दोघांत एक वापरणंही तसंच. एक मीटरभर खाली राहिला तरी दोघांचं रान वेगळं. मध्येच यंत्र बंद पडलं तर वर यायचं, पाच मीटरवर थांबायचं आणि नव्या यंत्रावर लगेच उतरायचं नाही. नवं यंत्र तुम्हाला कोरडं ठणठणीत समजतं. बॅटरीचंही हेच. काही यंत्रांत ती काढली की वही पुसते, म्हणून दोन डाइव्हच्या मध्ये बॅटरी बदलायची नाही.

निगा साधी आहे, पण ती चुकते. दाब ओळखणारा भाग बारीक छिद्रांच्या आड बसलेला असतो. समुद्राचं पाणी तिथे वाळलं की मिठाचे खडे धरतात आणि खोली चुकते. नुसतं नळाखाली धरून उपयोग नाही, गोड्या पाण्यात बराच वेळ भिजत घालावं. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीलाही पांढरे थर चढतात, तेव्हा शेवटचं पाणी फिल्टरचं. छिद्रात टाचणी घालणं किंवा हवेचा फवारा मारणं, दोन्ही वाईट. वरून आलेल्या त्या झोतानं आतला नाजूक पडदाच फाटू शकतो. डास पळवायची आणि उन्हाची मलमं प्लॅस्टिकला खातात. वैशाखात गाडीच्या काचेखाली ठेवलं तर पडदा काळा पडेल आणि बॅटरी मरेल. काही यंत्रं ओली झाली की आपोआप चालू होतात. ओल्या पिशवीत कोंबली की पाण्यातच आहोत असं समजून बॅटरी पीत राहतात.

बॅटरीच्या झाकणाखाली एक रबरी ओ-रिंग असते. एमआयडीसीत काम केलेल्याला ओ-रिंग काय चीज आहे ते सांगायला नको. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला, तर तीस मीटरवर तीन पट जास्तीचा दाब तेवढ्या फटीतून आत येतो. बदलायची झाल्यास उत्पादकानं सांगितलेलीच घ्यावी, आणि नंतर दाबाच्या भांड्यात तपासून घ्यावं.

गेल्या पावसाळ्यानंतर विहीर चांगली भरली होती. घड्याळाला दोरी बांधून मी ते तळापर्यंत सोडलं. चार-पाच मिनिटं ठेवलं, वर ओढलं, ओल्या दोरीवर टेप लावला. नऊ मीटर. घड्याळ म्हणालं 8.8. ते खाऱ्या पाण्यावर लावलेलं होतं आणि खारं पाणी अडीच टक्के जड. विहिरीच्या गोड्या पाण्यानं तेवढा कमी दाब दिला आणि त्यानं तेवढीच खोली कापली. शेजारचे आजोबा काठावर बसून बघत होते. "साडेपाच परस," ते न मोजताच म्हणाले.

मग घड्याळानं रीतसर नोंद केली. डाइव्ह पूर्ण झाली, वेळ अमुक, पाणी सव्वीस अंश. कोपऱ्यात छोटंसं विमान उगवलं, त्यावर काट मारलेली आणि शेजारी तास. दोरीच्या टोकाला बांधलेल्या कुणा सोळा वाफ्यांच्या देहाला ते बजावत होतं की आज उडू नकोस. मी कपडे कोरडे ठेवून काठावर उभा होतो, आणि आजोबा विचारत होते की त्या चित्रातलं विमान कुठं चाललंय.