शर्यती नसतात तेव्हा स्वार काय करतो?

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरच्या विद्यार्थ्याला संत्र्याच्या बागेचा 'ताण' समजावून सांगण्याची गरज नाही. मृग बहार धरायचा असेल तर भर उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात. झाडाची वाढ थांबते, फांद्यांत अन्न साठते आणि पावसाचे पाणी लागताच झाड फुलते. मात्र ताणालाही माप असते. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. अति झाला तर झाडच खचते.

खेळाडूच्या मोकळ्या महिन्यांचेही असेच आहे. मोटोक्रॉसचे उदाहरण घेऊ. उंचवटे, खड्डे आणि अवघड वळणे असलेल्या मातीच्या वाटेवरील ही मोटारसायकलींची शर्यत. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एक धाव ३० मिनिटे आणि वर दोन फेऱ्या इतकी चालते. सुपरक्रॉस हे तिचे क्रीडागारातील भावंड. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीला २८ जानेवारी २०२४ रोजी झाली आणि २५ फेब्रुवारीस बेंगळूरूला तो हंगाम संपलाही! इतर स्पर्धा धरल्या तरी स्वाराच्या हाती बरेच मोकळे दिवस उरतात.

तुम्ही म्हणाल, गाडी इंजिन पळवते, मग स्वाराला कसले श्रम? परंतु शर्यतीत स्वारांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते कमाल वेगाच्या ९० टक्क्यांच्याही वर आढळले. याचे एक कारण घरीच अनुभवता येईल. रबरी चेंडू एका हाताने मिनिटभर दाबत आणि सोडत राहा. थोडी विश्रांती घेऊन तोच चेंडू मिनिटभर न सोडता घट्ट दाबून धरा. दुसऱ्या वेळी हात लवकर भरून येतो, कारण सतत आवळलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो. प्राणवायू पुरेसा पोचत नाही. हँडल धरून आदळत जाणाऱ्या स्वाराची हीच अडचण असते.

आता हा स्वार हंगामानंतर नुसता बसून राहिला तर? अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कसलेल्या खेळाडूंनी सराव अजिबात बंद केला. तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांनी उतरली, आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्क्यांनी. आधी शरीरातील रक्ताचे आकारमान घटते, त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकलते. मग स्नायूंतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची क्षमता कमी होते. गंमत अशी की, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे मात्र जवळजवळ तसेच राहिले होते. म्हणजे शरीर सगळे एकदम विसरत नाही. दम लवकर जातो, ताकद सावकाश ओसरते आणि तोल सांभाळण्याचे कसब तर वर्षानुवर्षे टिकते. लहानपणी शिकलेली सायकल कोण विसरतो?

यावरून मोकळ्या दिवसांचा हिशेब मांडता येतो. आरंभीचे काही दिवस खरी विश्रांती. दुखावलेले स्नायुबंध आणि मुरगळलेले सांधे तेव्हाच सावरतात. पुढे दम राखायचा. त्यासाठी मोटारसायकल लागत नाही, साधी सायकल किंवा पोहणे पुरते. वऱ्हाडात पावसाळ्यात हे सोयीचेही आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी चिकटते की चाकच फिरेनासे होते. पण डांबरी सडकेवर सायकल चालते. गाडीही याच दिवसांत उघडावी: धूळ भरलेली हवेची गाळणी, काट्यातील तेल, झिजलेली साखळी. गाळणीतून निसटलेली बारीक धूळ इंजिनात सिलिंडर घासत राहते, हे हंगामात ध्यानातही येत नाही.

क्रीडाशिक्षकांनी एक नोंद करून पाहावी. उन्हाळी सुटीपूर्वी मुलांना तीन मिनिटे एका पायरीवर चढ-उतार करायला लावून, थांबल्यावर एक मिनिटाने नाडी मोजावी. शाळा उघडल्यावर तेच पुन्हा करावे. सुटीत रोज विहिरीत कोण पोहत होता आणि बाजेवरून कोण उठलाच नाही, ते वहीतल्या आकड्यांत दिसेल.