तापमानाचा काटा काय सांगतो?

सिग्नलला थांबल्यावर तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला लागताच उतरतो, असे होत असेल तर पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्या. वेगात वारा आपोआप मिळतो, थांबल्यावर पंखाच लागतो. एसी चालू करून बॉनेट उघडा, हात मात्र लांब ठेवा. बहुतेक गाड्यांत पंखा फिरू लागतो. फिरला नाही तर आधी फ्यूज बघा, मग रिले.

घाटातच काटा चढत असेल, तर कूलंट कमी झालेले असते किंवा रेडिएटर तुंबलेला असतो. तासभर चालवूनही काटा तळाशीच राहिला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा.

मला सर्वांत भीती वाटते ती चढलेला काटा अचानक खाली येतो त्याची. लोक हुश्श करतात. पण कूलंट गळून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन पेटल्यासारखे तापलेले असतानाही काटा 'थंड' दाखवू शकतो. गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नका. दाबाखाली आतले पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाही. दाब सुटताच ते वाफ होऊन अंगावर उसळते. पातळी सकाळी, इंजिन गार असताना, टाकीवरच्या खुणांवरून बघा.