गाडीचा दम आणि इंटरकूलर : ऊसवाहतूक करणाऱ्या कुटुंबांसाठी

अशोक विजयादशमी झाली, की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर धांदल सुरू होते. दीक्षाभूमीहून परतलेली माणसे प्रवासाचा शीण काढत असतात, तोच मुकादमाचा निरोप येतो. भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या-कोंबड्या, लहानगी मुले आणि कोयते असा सारा संसार गाडीत भरून पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतली जोडपी सांगली-कोल्हापूरकडे, साताऱ्याकडे आणि पुढे कर्नाटकातल्या कारखान्यांवर निघतात. उचलीवर आणि कोयत्यावर पुष्कळ लिहिले-बोलले जाते. या माणसांना आणि त्यांनी तोडलेल्या उसाला ओढून नेणाऱ्या गाडीवर मात्र कोणी लिहीत नाही.

आता त्या गाडीच्या स्टेअरिंगवर आपली पोरे बसू लागली आहेत. बापाने कोयता चालवला, मुलाने क्लीनर म्हणून सुरुवात केली आणि पुढे जुना ट्रक घेतला, अशी घरे आपल्या वस्त्यांत आहेत. फायनान्सचा हप्ता, घरातले किडूकमिडूक गहाण आणि कारखान्याचा वाहतूक करार, या तीन खुंट्यांवर तो ट्रक उभा असतो. हंगामात ऊस, हंगाम संपला की विटा-खडी, आणि रस्त्यात कोणाची गाडी बंद पडली की टोचन लावून ती गॅरेजपर्यंत ओढायची. असा ट्रक बालाघाटाच्या चढावर उकळायला लागला, काळा धूर ओकू लागला, की गॅरेजवाला सल्ला देतो, "इंटरकूलर बसवून घ्या, मग बघा गाडी कशी ओढते ते!" पाहुण्यांपैकी कोणीतरी बसवलेलाही असतो. मग घरात चर्चा सुरू होते, की हा पैसा घालावा की नाही. वाहनचालक बांधवांनी तर हे वाचावेच, पण घरचा हिशेब ठेवणाऱ्या मायबहिणींनीही वाचावे, कारण इंजिन बसले तर गहाण सुटायचे राहते ते त्यांचे.

इंटरकूलर म्हणजे काय?

डिझेल जळायला हवा लागते आणि ती किती लागते याची कल्पना आपल्याला नसते. टाटाचे जुने 697 इंजिन घ्या. या आकड्यातच त्याची ओळख आहे : 6 सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर. (497 म्हणजे तसेच 4 सिलिंडर.) सहाही सिलिंडर मिळून 5,675 सीसी होतात. मिनिटाला 2,000 फेऱ्यांवर हे इंजिन एका मिनिटात सुमारे 5,675 लिटर हवा ओढते. म्हणजे 200 लिटरची 28 पिंपे भरून हवा, दर मिनिटाला!

यापेक्षा जास्त ताकद हवी असेल, तर जास्त हवा कोंबावी लागते. ते काम टर्बोचे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या झोताने एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. फुकटची ताकद म्हणावी अशी ही युक्ती आहे, पण तिला एक खोट आहे. सायकलच्या पंपाने हवा भरली की पंपाचे तोंड गरम होते ना? तसेच इथेही होते. दाबलेली हवा तापते. भर लोडवर टर्बोतून निघालेली हवा 120 अंशांच्याही वर जाते, आणि तापलेली हवा विरळ असते. म्हणजे एका हाताने कोंबले आणि दुसऱ्या हाताने सांडले.

इंटरकूलर म्हणजे या हवेचा रेडिएटर. टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये, साधारणपणे पाण्याच्या रेडिएटरच्या पुढे तो बसतो. 120 अंशांची हवा त्यातून जाताना 60 अंशांवर आली, तर तेवढ्याच जागेत सुमारे 18 टक्के जास्त हवा मावते. पाइपांतून जाताना थोडा दाब घटतो, तो त्यातून वजा करावा. हवा जास्त आणि थंड मिळाली की डिझेल पुरते जळते, धूर कमी होतो आणि मुख्य म्हणजे आतली आग आटोक्यात राहते. भर चढावर सिलिंडरमधून निघणारा धूर 600 ते 700 अंशांपर्यंत तापू शकतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, त्याला ही धग फार वेळ सोसत नाही. हेड गॅस्केट उडणे, पिस्टन धरणे, व्हॉल्व्ह जळणे ही इंजिनकामे बहुधा अशा चढावरच जन्माला येतात.

ज्या ट्रकच्या इंजिनावर 'टीसी' लिहिलेले असते त्यात टर्बो असतो, आणि 'टीसीआयसी' असेल तर टर्बो व इंटरकूलर दोन्ही कारखान्यातूनच आलेले असतात. धुराचे नियम कडक होत गेले, 2017 साली देशभर बीएस-4 आणि 2020 साली बीएस-6 आले, त्यानंतरच्या ट्रकना इंटरकूलर वेगळा बसवण्याचा प्रश्नच उरला नाही. प्रश्न आहे तो जुन्या, नुसत्या टर्बोच्या गाड्यांचा.

आणि ज्या इंजिनाला टर्बोच नाही, त्याला इंटरकूलर म्हणजे टकलाला कंगवा. बाहेरची साधी हवाच आत जात असेल, तर थंड करायचे काय? हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे, की समाजकल्याणच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना 90 टक्के अनुदानावर 9 ते 18 अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर मिळतात, आणि असल्या ट्रॅक्टरमागे ऊस भरलेली जुगाड गाडी लावली जाते. हे ट्रॅक्टर शेतीच्या हलक्या कामाचे आहेत. त्यांच्यावर टर्बो-इंटरकूलरचे प्रयोग कोणी सुचवले, तर सरळ जय भीम करून गॅरेजबाहेर पडावे.

बसवायचाच तर कसा?

मोठी फसगत होते ती जुन्या बाजारात. अपघाताच्या किंवा भंगारात निघालेल्या गाडीचा इंटरकूलर स्वस्तात मिळतो. पण त्या गाडीचा टर्बो फुटून ती भंगारात गेली असेल, तर त्याचे धातूचे कण आणि ऑइल इंटरकूलरच्या नळ्यांत अडकून बसलेले असते. तो तसाच बसवला की पहिल्याच खेपेत ते कण आपल्या लायनरमध्ये. म्हणून जुना घ्यायचाच झाला, तर आधी तो आतून धुऊन, वाळवून आणि पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासून घ्यावा. बुडबुडे आले तर परत करावा, दुकानदाराशी भिडस्तपणा नको.

दुसरी काटकसर होज पाइपाची. पाण्याच्या रेडिएटरचा रबरी पाइप इथे चालत नाही. टर्बोची तापलेली, तेलकट हवा आणि तिचा दाब यांनी तो फुगतो आणि नेमका घाटात फाटतो. आत कापडाचे थर असलेला सिलिकॉनचा पाइप आणि चांगल्या क्लिपा लागतात. पाइप फाटला किंवा क्लिप ढिली झाली, की गाडीचा दम एकदम जातो, काळा धूर येतो आणि शिट्टीसारखा आवाज होतो. साबणाचे पाणी लावून पाहिले की गळती सापडते.

तिसरी गोष्ट पाचटाची, आणि ती शहरातल्या मेकॅनिकला सुचणार नाही. आपली गाडी उसाच्या फडात उभी राहते. पाचटाचा भुगा आणि धूळ इंटरकूलरच्या जाळीत बसते, त्यामागे रेडिएटर असतो, म्हणजे एकाच वेळी दोघांचा श्वास कोंडतो. शिवाय लोडची गाडी चढावर माणसाच्या चालीने चढते, तेव्हा समोरून वारा मिळत नाही, सारी भिस्त पंख्यावर असते. इंटरकूलर बसवूनही गाडी उकळते अशी तक्रार असेल, तर आधी जाळी पाहावी, पंख्याचा पट्टा पाहावा, एअर फिल्टर पाहावा. जाळी आतल्या बाजूने बाहेर, साध्या नळाच्या धारेने धुवावी. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने तिच्या पात्या वाकतात. आणि इंजिन बंद करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे गाडी नुसती चालू ठेवावी, कारण टर्बोचे चाक मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेत असते आणि त्याला ऑइल मिळते ते इंजिन चालू असेतोवरच.

खरी गोम पंपात आहे. नुसता इंटरकूलर बसवल्याने ताकद फारशी वाढत नाही, गाडी थंड राहते. ताकद वाढते ती डिझेलचा पंप वाढवल्यावर. गॅरेजवाला पंपाचा स्क्रू फिरवतो, गाडी उड्या मारू लागते आणि मालक खूश होतो. पण इंटरकूलरने जी धग वाचवली होती, ती वाढीव डिझेलने परत आणली. शिवाय क्लचप्लेट, प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट, क्राऊन-पिनियन हे सगळे जुन्याच ताकदीच्या हिशेबाने घडवलेले असतात. आमचे मत विचाराल तर टर्बोच्या जुन्या गाडीला इंटरकूलर बसवावा, पंपाला हात लावू नये आणि लोड आहे तेवढाच ठेवावा. खर्च वसूल होतो तो वाचलेल्या इंजिनकामातून.

उतार

बालाघाटाचा डोंगर जितका चढवतो तितकाच उतरवतो. मांजरसुंब्याचा घाट घ्या किंवा धारूरचा अरुंद घाट घ्या, उतारावर इंटरकूलर काडीच्या कामाचा नाही. गाडी जास्त ओढते म्हणून दोन टन जास्त भरले, मागे आणखी एक ट्रॉली जोडली, तर चढ पार होईल, पण ब्रेक तेच राहिले. बऱ्याच ट्रॉल्यांना तर स्वतःचे ब्रेकच नसतात. साधे गणित सांगतो. 20 टन वजन 100 मीटर खाली उतरते, तेव्हा ब्रेक आणि इंजिन यांना मिळून जेवढी उष्णता पचवावी लागते, तेवढ्यात सुमारे 65 लिटर पाणी उकळीला येईल. लायनिंग तापले की ब्रेक दाबूनही धरत नाहीत. जो गिअर चढायला लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर वापरावा. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे ड्रायव्हर आजही आहेत. त्यांच्या मागे ट्रॉलीत, सामानावर गोधड्या अंथरून, मुले झोपलेली असतात.

टोचनाचेही तेच. बंद पडलेल्या ट्रकच्या इंजिनाबरोबर त्याचा हवेचा कॉम्प्रेसरही बंद असतो. टाकीतली हवा संपली की एक तर ब्रेक जाम होतात, नाही तर लागतच नाहीत, आणि स्टेअरिंग दगडासारखे जड होते. अशी गाडी साखळीने किंवा दोराने घाटात उतरवणे म्हणजे ती आपल्याच पाठीत घालून घेणे. उतारावर लोखंडी दांडीच हवी. दोन गाड्यांतले अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नको, मागच्या गाडीच्या स्टेअरिंगवर लायसन असलेला माणूस हवा, आणि ही गाडी ओढून नेली जात आहे असा फलक मागे हवा. क्लीनरच्या हातात स्टेअरिंग देऊन हे काम उरकणे ही शुद्ध बेफिकिरी आहे.

कायद्याचे दोन शब्द सांगितले पाहिजेत. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. म्हणून गाडी बीडची एमएच-23 असो की अंबाजोगाईची एमएच-44, इंटरकूलरचे काम काढण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारून ठेवावे आणि उत्तराचा कागद जपून ठेवावा. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस आधी असेच बदल शोधतो. जादा वजनाचा दंड 2019 च्या दुरुस्तीने 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये असा झाला आहे. दोन टन जादा ऊस भरला आणि एकदा सापडला, तर 24,000 रुपये गेले. वाहतुकीचे बिल टनावर मिळते. ते दोन टन किती खेपा वाहिले म्हणजे ही रक्कम भरून निघेल, हे मायबहिणींनी वहीत मांडून पाहावे.

ड्रायव्हरच्या झोपेचाही हिशेब मांडावा. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याचे 48 तास मिळाले ते त्यांच्याच प्रयत्नांतून. मोटार कामगारांसाठी 1961 साली वेगळा कायदा झाला, त्यातही दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांचीच मर्यादा होती. प्रत्यक्षात कारखान्याच्या काट्यावर नंबर लावून ड्रायव्हर रात्ररात्र जागतो आणि गाडी रिकामी झाली की तसाच फडाकडे निघतो. या माणसाला पंप वाढवलेली गाडी देणे किती धोक्याचे आहे, हे निराळे सांगायला नको.

घरातल्या मुलाला इंजिनाची आवड असेल, तर त्याला क्लीनर करण्यापेक्षा आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला घालावे. कर्ज काढून स्वतःचे छोटे गॅरेज टाकायचे झाले, तर 1978 साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच आहे, त्याच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. फडाच्या जवळ, पाचटात बसून टर्बोची गळती काढून देणारा मेकॅनिक हंगामात शोधून सापडत नाही.

आणि यंदा निघताना मुकादमाला एक प्रश्न तोंडावर विचारावा : माणसांची गाडी वेगळी आहे का? सामान ट्रॉलीत, माणसे दुसऱ्या गाडीत, ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर, आणि घाट दिवसाउजेडी उतरायचा, एवढे ठरवून घेतल्याशिवाय उचलीच्या कागदावर अंगठा किंवा सही करू नये.