गढूळ पाण्यातले प्रवाळ

चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईची पालखी निघते, आणि त्या दिवसांत समुद्राकाठची माणसं घाट चढून आमच्या मावळात येतात. मुंबई, ठाणे, रायगडचे कोळीवाडे रिकामे होतात आणि कार्ल्याच्या पायऱ्या भरून जातात. जन्मभर खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्यांची कुलदेवता बसली आहे ती डोंगरात, दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेल्या चैत्यगृहाच्या दाराशी. मावळातल्या माणसाला समुद्र भेटतो तो असा, माणसांच्या रूपाने.

आमचं पाणी मात्र समुद्राकडे पाठ फिरवून निघतं. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला इंद्रायणी उगम पावते. अरबी समुद्र तिथून पन्नास-साठ किलोमीटरांवर, पण ती जाते पूर्वेला: आधी भीमेत, मग कृष्णेत, आणि अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. त्याच डोंगररांगेच्या पलीकडे पडलेला पाऊस उल्हास आणि पाताळगंगेत उतरतो व थोडक्या अंतरात अरबी समुद्र गाठतो. छत्री कड्याच्या कुठल्या बाजूला झटकली यावर थेंबाचा समुद्र ठरतो. माणसाने यात एकदा ढवळाढवळही केली आहे. वळवण, शिरवटा आणि लोणावळा या टाटांच्या तलावांचं पाणी १९१५ पासून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडलं जातं. पूर्वेला जायचं ते पाणी वीज करून पाताळगंगेवाटे पश्चिमेला जातं.

पश्चिमेला उतरणारं हे पाणी मनात घेऊनच मालवणला जावं असं मला वाटतं. सह्याद्रीच्या या उतारावरून पार दक्षिणेपर्यंत ज्या नद्या धावतात, त्या साऱ्या आखूड आणि उतावळ्या. चार महिन्यांत त्या कोकणची तांबडी माती समुद्रात ओततात. किनाऱ्याचं पाणी गढूळ होतं, त्याचा खारटपणा उतरतो, लाटा तळ ढवळून काढतात. आणि प्रवाळांना काय लागतं? नितळ पाणी, भरपूर ऊन, बेताचा उबारा आणि न बदलणारा खारटपणा. हा हिशेब मांडला तर महाराष्ट्राच्या किनाऱ्याला प्रवाळ असूच नयेत. तरीही मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाखाली, ओहोटीला जेमतेम काही फूट पाणी असतं अशा जागी, ते जिवंत आहेत. तोंडाला मुखवटा, दातांत नळी, कमरेला तरंगायचं जाकीट आणि अर्धा दिवस एवढ्या सामानावर ते कुणालाही बघता येतात, पोहता येत नसलं तरी.

लोणावळ्याहून जायचं तर पनवेलला कोकण रेल्वे धरावी, कुडाळला उतरावं आणि तिथून मालवणची एसटी घ्यावी. सकाळच्या होड्या सगळ्यांत चांगल्या. वारा पडलेला असतो, पाणी कमी हलतं, आणि ऊन चढत जातं तसा तळ उजळतो. होडी फायबरची, मागे इंजिन लावलेली. ती चालवणारी मुलं बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरांतली असतात. आजोबा रापण ओढायचे, नातू पर्यटकांना पाण्यात उतरवतो. कुठल्या खडकाच्या कोणत्या अंगाला आज पाणी निवळ असेल, हे तो होडीत उभ्या उभ्या पाण्याच्या रंगावरून सांगतो. हे ज्ञान मला फार मोलाचं वाटतं.

वाटेत किल्ला लागतोच. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. मावळच्या खोऱ्यांतून उभं राहिलेलं राज्य इथे पाण्यात पाय रोवून उभं राहिलं. चारी बाजूंनी समुद्र असताना आत दुधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते भेगांमधून आलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहू शकतं. बेताने उपसलं तर वरचं गोडं पाणी मिळतं, अधाशासारखं उपसलं तर खालचं खारं वर येतं. पावसाने हा किल्ला जगवला आणि त्याच पावसाने खालच्या प्रवाळांना परीक्षेला बसवलं.

आता पाण्यात तोंड घालू या. उघड्या डोळ्यांनी पाण्याखाली सगळं पुसट दिसतं, कारण डोळ्याचा समोरचा फुगीर पडदा प्रकाश वळवतो तो हवा आणि डोळा यांच्यातल्या फरकाच्या जोरावर. पाणी थेट डोळ्याला लागलं की तो फरक जवळजवळ संपतो. मुखवटा इतकंच करतो की डोळ्यासमोर हवेचा एक कप्पा धरून ठेवतो. मात्र पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे प्रत्येक वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसते. मासा हाताशी आला असं वाटून माणसं हात पुढे करतात आणि बोटं पाण्यातच मिटतात.

नळी वीतभर-दीडवीतच का, ती लांब करून खोल का जाऊ नये, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. एक मीटर खाली गेलं की पाण्याचा छातीवरचा दाब हवेच्या दाबाच्या दहाव्या भागाने वाढतो. तेवढ्याने सुद्धा बरगड्यांचे स्नायू छाती फुगवायला थकतात. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली शिळी हवा अडकून राहते आणि पुढच्या श्वासाला तीच परत आत येते. म्हणून या नळीच्या माणसाने पृष्ठभागावर पालथं तरंगायचं आणि खाली बघायचं.

पहिल्यांदा दिसतं ते सार्गासम. पिवळट तपकिरी, गाठींमध्ये हवेचे इवले फुगे असलेलं शेवाळ खडकांवरून वर उठून लाटेबरोबर एका दिशेला झुकतं आणि सगळं मिळून परत येतं. मग त्यातून मासे सुटे होतात. पिवळ्या पाठीवर काळे उभे पट्टे असलेले, न घाबरता थेट काचेपर्यंत येणारे. चपट्या अंगाचे फुलपाखरू मासे, बहुधा जोडीने. कपारीत तोंड तेवढं बाहेर काढून बसलेला गोब्रा. आणि या सगळ्यांखाली, खडकच आहे असं समजून नजर ज्यावरून घसरते, तो गोलसर, फिकट तपकिरी, बारीक छिद्रांचा गोळा. ते प्रवाळ. चित्रांत बघितलेल्या सांबरशिंगी फांद्या इथे शोधू नयेत. मालवणला गोळ्यासारखे, खडकावर थर धरणारे आणि पानांसारखे पसरणारे प्रकार जास्त. पोराइटिस, गोनियास्ट्रिया, फेव्हाइटिस, टर्बिनेरिया ही त्यांतली काही नावं.

पोराइटिसच्या त्या गोळ्यावर हजारो प्राणी राहतात. एकेक जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा, जेलीफिशचा दूरचा भाऊबंद. तोंड एकच, त्याभोवती शुंडकांचं कडं, आणि बुडाशी स्वतः पाझरवलेल्या चुन्याची खोली. जुनी खोली खाली टाकून तो वर नवी बांधतो. वर्षाकाठी गोळा साधारण एक सेंटिमीटर वाढतो. हातभर उंचीचा गोळा दिसला तर त्याला चाळीसेक वर्षं झाली असं समजावं. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा तो या जागी वाढत होता.

त्याच्या अंगात भाडेकरू आहेत. एकपेशीय शैवालं त्याच्या पेशींत राहतात, उन्हावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतात. नितळ, उजेडाच्या समुद्रात प्रवाळाची जवळजवळ सगळी भूक यावर भागते. कॅरिबियन बेटांभोवतीचं जे निळंशार पाणी आपण पडद्यावर बघतो ते इतकं नितळ असतं, कारण त्यात अन्न फार थोडं असतं. निळा समुद्र हा उपाशी समुद्र. तिथे प्रवाळ आणि शैवाल एकमेकांचं उरलंसुरलं पुन्हा पुन्हा वापरून वैभव उभं करतात. आपला कोकणी समुद्र याच्या उलट. नद्यांनी आणलेलं खत, ढवळलेला तळ, सूक्ष्म जीवांनी भरलेलं दाट पाणी. ताटातला बांगडा आणि तारली या दाटपणातूनच येतात. मालवणला चार-पाच मीटरांपलीकडचं दिसलं नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांना मला हे सांगावंसं वाटतं: दिसत नाही ते पाणी रिकामं नसून भरलेलं आहे.

अशा पाण्यात प्रवाळ तगतो तो वेगळ्या चालीने. अंगावर गाळ बसला की तो बुळबुळीत स्राव सोडतो आणि सूक्ष्म केसांच्या हालचालीने गाळ कडेला ढकलतो. ऊन कमी पडलं की शुंडकं पसरून पाण्यातले जीव पकडून खातो, बहुतेक रात्री. म्हणजे भाडेकरूचं उत्पन्न घटलं तर स्वतः शिकारीला निघतो. जगात इतरत्र गढूळ किनाऱ्यांच्या अभ्यासात असंही दिसलं आहे की पाण्याचा तो पडदा कडक उन्हापासून प्रवाळांना थोडी सावलीही देतो. जो गाळ त्यांचा वैरी म्हणून आपण शिकलो, तोच कधी कधी आडोसा होतो. हे वाचलं त्या दिवसापासून मला मालवणचं पाणी निराळं दिसू लागलं.

कान पाण्यात बुडालेले असताना एक आवाज सतत येत राहतो, कढईत मोहरी तडतडावी तसा. इंजिन बंद असतं, लाट शांत असते, तरी तो थांबत नाही. ही करामत बोटभर लांबीच्या कोळंबीची. तिचा एक पंजा दुसऱ्यापेक्षा भलता मोठा असतो. तो ती इतक्या वेगाने मिटते की पाण्याची धार सुटते आणि धारेच्या मागे एक बुडबुडा तयार होतो. पंजा आपटल्याचाच हा आवाज असं कितीतरी वर्षं मानलं जायचं. २००० मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की आवाज येतो तो बुडबुडा कोसळताना. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की कोसळण्याच्या त्या क्षणी आतली हवा हजारो अंशांपर्यंत तापते आणि एक क्षीण ठिणगीही पडते, डोळ्याला न दिसणारी. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांची चाहूल घेणारी यंत्रं या तडतडीने हैराण झाली होती. कोळंबीचं सावज मात्र या धक्क्याने बधिर होऊन पडतं. इतका सगळा कारभार आपल्या पोटाखाली दोन हातांवर चाललेला असतो आणि आपण फोटो काढण्यात गुंतलेले असतो.

होडीवरचा मुलगा पाण्यात सोडताना बजावतो, "खडकार पाय ठेवू नकात हां." हे वाक्य प्रत्येक होडीत, प्रत्येक वेळी ऐकू यावं अशी माझी फार इच्छा आहे. दमलेला माणूस टेकायला जागा शोधतो, पाय ठेवतो, आणि मिलिमीटरभर जाडीची जिवंत साय चुन्यावर चिरडली जाते. नांगर खडकात टाकला की गोळा फुटतो. फोटोत मासे जमावेत म्हणून पाव आणि बिस्किटं कुस्करून टाकण्याची पद्धतही वाईट. ते त्यांचं अन्न नव्हे, आणि खडकावरचं शेवाळ कुरतडायचं काम सोडून मासे होडीमागे धावू लागतात. शेवाळ माजलं की प्रवाळाला जागा उरत नाही. कॅरिबियन समुद्रात याचा मोठा धडा मिळाला आहे. १९८३-८४ मध्ये तिथले शेवाळ चरणारे काळे समुद्री साळू रोगाने मेले आणि अनेक ठिकाणी प्रवाळांच्या जागी शेवाळाची कुरणं उगवली.

उष्णतेचा घाला याहून मोठा. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानाच्या एखादा अंश वर काही आठवडे राहिलं की प्रवाळ भाडेकरूंना बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर रंग परततो. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७ आणि २०२३ नंतर अशा चार लाटा जगभर येऊन गेल्या.

मालवणच्या पाण्यातून बाहेर पडल्यावर ज्यांना आणखी बघायची ओढ लागेल, त्यांच्यासाठी एक नाव: आंग्रिया बँक. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. साधारण चाळीस किलोमीटर लांब, पंधरा रुंद. सह्याद्रीची माती तिथवर पोचत नाही, त्यामुळे पाणी नितळ आणि प्रवाळांचा विस्तार मोठा. पण त्याचा माथाच वीस मीटर खोल आहे. तिथे नळी आणि मुखवटा पुरत नाही, पाठीवर हवेची टाकी लागते आणि ती वापरण्याचं शिक्षण लागतं. ते शिक्षण मालवणच्या शेजारी तारकर्लीलाच मिळतं. राज्याच्या पर्यटन महामंडळाने तिथे स्कूबा डायव्हिंगची संस्था उभारली आहे, सरावासाठी खोल तलाव आहे. पावसाळ्यात, मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत, किनाऱ्यावरच्या होड्या बंद असतात. त्या महिन्यांत पाणी बघायचं तर लोणावळ्याला यावं आणि कुरवंड्याच्या कड्यावर उभं राहून ते कुठल्या बाजूला उतरतं ते बघावं.