स्थानिक स्वराज्य संस्था व पर्यावरणीय समता

नगरपरिषदा, महानगरपालिका, जिल्हा परिषदा व ग्रामपंचायती यांच्या पाणीपुरवठा, स्वच्छता, कचऱ्याची विल्हेवाट, वनसंवर्धन इ. कार्यक्रमांचे लाभ आणि भार जात, जमात, लिंग वा सांपत्तिक स्थिती यांनुसार विषमतेने वाटले जाऊ नयेत, हे तत्त्व. त्याची तीन अंगे मानता येतात : सेवा कोणाच्या वस्तीपर्यंत पोहोचते, तिच्यातील घाणीचे व धोक्याचे काम कोणाच्या वाट्यास येते आणि तिच्याविषयीचा निर्णय कोण घेतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील वॉरेन परगण्यात कृष्णवर्णीयांच्या वस्तीजवळ विषारी माती पुरण्यास १९८२ मध्ये विरोध झाला, तेव्हापासून वंशभेदाच्या संदर्भात ही कल्पना विशेष चर्चेत आली. महाराष्ट्रात ती त्यापूर्वी कित्येक दशके, जातिभेदाच्या संदर्भात आणि मुख्यत्वे पाण्याच्या प्रश्नातून उभी राहिली होती.

पाण्यावरील हक्क : महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते (१८७६–८२). सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. परंतु प्रत्यक्षात कोणी अस्पृश्य तेथे पाणी भरू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो अनुयायांनी तेथील पाणी घेऊन हा हक्क बजावला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि न्यायालयीन वाद १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागेपर्यंत चालला. स्थानिक संस्थेचा ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांमधील अंतर किती मोठे असू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

सफाईचे काम : १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम व त्यानंतरचे कायदे यांनी मैला व केरकचरा हलविणे हे नगरपालिकांचे कर्तव्य ठरविले. भुयारी गटारे नसलेल्या गावांत टोपलीच्या संडासांतील मैला माणसांकरवी उचलला जाई आणि हे काम विवक्षित जातींकडेच असे. शहराचे आरोग्य ज्यांच्या श्रमावर अवलंबून होते, त्यांची वस्ती मात्र बहुधा गावकुसाबाहेर, पाण्यावाचून असे. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतःस मिळावे म्हणून उपोषण केले. असे काम कोणत्याही जातीच्या माणसाने करण्यास हरकत नाही, हा त्यामागील आग्रह होता. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने (अहवाल १९५२) आणि केंद्रीय मलकानी समितीने (१९५७–६०) सफाई कामगारांच्या राहणीची व कामाच्या पद्धतीची चौकशी करून सुधारणा सुचविल्या. १९९३ च्या अधिनियमाने कोरडे संडास बांधण्यास व हाताने मैला उचलण्यासाठी माणसे नेमण्यास बंदी घातली. २०१३ च्या अधिनियमाने ती अधिक व्यापक करून गटारे व मलकुंड यांच्या धोकादायक सफाईसही लागू केली. गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख व २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरविली.

या क्षेत्रातील एक पेच अद्याप सुटलेला नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसास त्याच्या जागी नेमणूक मिळू लागली. त्यामुळे कुटुंबास कायम नोकरीचे संरक्षण लाभले, पण तेच काम पुढील पिढीकडे जाण्याची वाटही रुंदावली. दुसरीकडे, कायम जागा न भरता ठेकेदारामार्फत काम करून घेण्याची पद्धत वाढली आणि हे संरक्षणही क्षीण झाले. मुंबई महानगरपालिकेतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम मानण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला, तो दीर्घ लढ्यानंतर. कचरावेचकांच्या बाबतीत पुण्याचे उदाहरण लक्षणीय आहे. तेथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना स्थापन झाली. तिच्यातून निर्माण झालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. कचरावेचकांत बहुसंख्य दलित स्त्रिया असल्यामुळे येथे पर्यावरण, उपजीविका व प्रतिष्ठा हे तिन्ही प्रश्न एकत्र हाताळले गेले.

खानदेशातील स्थिती : जळगाव जिल्ह्यातील अमळनेर (लोकसंख्या सु. ९६,०००–२०११) हे बोरी नदीकाठचे गिरणीचे व व्यापाराचे गाव, तेथील नगरपालिका १८६४ इतकी जुनी आहे. येथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४–३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी छात्रालयात झाडलोटीची कामे स्वतः करून श्रमाच्या उच्चनीचतेस छेद दिला. पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी त्यांनी मे १९४७ मध्ये केलेल्या उपोषणाच्या निमित्ताने महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मंदिरांबरोबर विहिरीही खुल्या झाल्या. तालुक्याच्या उत्तरेस तापी वाहत असूनही पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प दशकानुदशके रेंगाळला. पाणी जेव्हा काही दिवसांआड येते, तेव्हा टंचाई सर्वांची असली, तरी झळ सारखी नसते : टाकी व विद्युत्‌ पंप असलेले घर साठा करून घेते, सार्वजनिक नळावर अवलंबून असलेल्या वस्तीत स्त्रिया व मुली हंडे घेऊन तासन्‌तास ताटकळतात.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरील फड पद्धती हे पाणीवाटपाचे जुने सामुदायिक उदाहरण. बंधाऱ्याखालील क्षेत्र फडांत विभागून प्रत्येक फडात एकच पीक घेतले जाई आणि टंचाईचा भार सर्व खातेदार वाटून घेत. तथापि ही समता जमीन असणाऱ्यांपुरती होती. भूमिहीनास तीत वाटा नव्हता. याउलट साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने १९९० च्या दशकापासून सु. ४४५ हेक्टर वन स्वतःच्या नियमांनी राखले. या कार्यासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. निर्णय गावाचा असल्यामुळे वनसंरक्षण आणि वनोपजावरील हक्क यांत तेथे विरोध उरला नाही.

वर्तमान उपक्रम व मूल्यमापन : त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी (१९९३ पासून लागू) स्थानिक संस्थांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व स्त्रिया यांना राखीव जागा दिल्या, महाराष्ट्राने स्त्रियांचे प्रमाण २०११ मध्ये निम्म्यावर नेले. दलित वस्त्यांत पाणी, गटारे, रस्ते व दिवे यांसाठी स्वतंत्र निधी देणाऱ्या योजनाही राज्यात आहेत. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेल्या माझी वसुंधरा अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांनुसार स्थानिक संस्थांच्या कामास गुण दिले जातात. पहिल्या वर्षी त्यात ६८६ संस्था सहभागी झाल्या.

अशा गुणांकनामुळे चुरस निर्माण होऊन कामाला गती येते. परंतु गुण संपूर्ण गावाच्या सरासरीस मिळतात. लावलेली झाडे, उचललेला कचरा व साठविलेले पाणी यांची बेरीज मोठी असूनही कचराभूमी एकाच वस्तीच्या उंबरठ्यावर, नदीकाठाच्या सुशोभनासाठी उठविलेली घरे एकाच समाजाची आणि नळ न पोहोचलेली गल्ली तीच, असे घडू शकते. म्हणून प्रभागवार नोंदी ठेवणे, निधीचा प्रारंभ सर्वांत उपेक्षित वस्तीपासून करणे, सफाईचे यांत्रिकीकरण करताना कामगाराच्या उपजीविकेची तरतूद करणे आणि ग्रामसभा व प्रभाग समिती यांत त्या वस्तीचा आवाज राखणे, ही समतेची व्यावहारिक साधने होत. ती नसतील, तर गाव स्वच्छ ठरेल, पण ते स्वच्छ ठेवणाऱ्यांची वस्ती त्या स्वच्छतेबाहेरच राहील.