बारा रुपयांचा पंतोजी

सरकारी आयोगांचे जुने अहवाल वाचण्याचा नाद ज्याला एकदा लागला त्याला कादंबऱ्या फिक्या वाटू लागतात, असे म्हटले तर लोक हसतात. परंतु साक्षीदारांच्या जबान्यांतून माणसाचा स्वभाव, त्याचा संताप, त्याचा धूर्तपणा आणि क्वचित त्याचे स्वप्न जसे उघडे पडते, तसे ते आदराने रचलेल्या चरित्रग्रंथांतही पडत नाही, असा माझा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. हंटर शिक्षण आयोगापुढे मुंबई इलाख्यातून जी निवेदने गेली ती मी वरचेवर चाळीत आलो आहे, आणि दर खेपेस हात अडतो तो एकाच कैफियतीपाशी. तिच्याखाली सही आहे जोतीराव गोविंदराव फुले यांची. व्यवसाय व्यापार आणि शेती, हुद्दा म्युनिसिपल कमिशनरचा, पत्ता पेठ जुना गंज, आणि तारीख १९ ऑक्टोबर १८८२.

ही कैफियत महाराष्ट्राला ठाऊक नाही असे मुळीच नाही. रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो आणि ती रयत मात्र अक्षरशत्रू राहते, हे तिच्यातले मुख्य गाऱ्हाणे आज शालेय पुस्तकांतूनही येते. परंतु शिक्षक कसा घडवावा, त्याला काय शिकवावे, त्याच्या वर्गात कोणी आणि किती वेळा डोकवावे, या प्रश्नांना वाहिलेला तिच्यातील मजकूर अभ्यासकांनी सहसा ओझरता उल्लेखून सोडून दिला आहे. आणि माझ्या मते त्या कागदाचे खरे तेज तेथेच आहे, कारण तेथे सुधारक बोलत नसून ज्याने स्वतः फळ्यापुढे उभे राहून घसा कोरडा केला असा मास्तर बोलत आहे. आपण काही वर्षे मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत शिक्षक होतो, हे जोतीरावांनी प्रारंभीच नमूद करून ठेवले आहे.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा तोवरचा इतिहास थोडक्यात असा. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल क्लास मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आश्रयाने चालला आणि १८४५ पासून बाळशास्त्री जांभेकरांकडे त्याची धुरा होती. पुढच्याच वर्षी बाळशास्त्री अकाली गेले आणि व्याकरणकार दादोबा पांडुरंग त्या जागी आले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अध्यापकांच्या प्रशिक्षणाला विद्यावेतनासह सरकारी मान्यता दिली. पुण्यास ट्रेनिंग कॉलेज उभे राहिले आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा रसिक पंडित त्याचा मुख्याध्यापक झाला. बाकीची तीसएक वर्षे म्हणजे अंदाजपत्रके, दर्जे आणि परिपत्रके यांची रुक्ष जंत्री आहे. तिच्यात वाचकाला गुंतविण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र त्या जंत्रीतून वेचून काढण्याजोगी आहे, ती म्हणजे शालापत्रक. विद्याखात्याच्या आश्रयाने चालणारे हे मासिक मराठी शाळांच्या शिक्षकांसाठी होते. खेड्यात एकट्याने शाळा चालविणाऱ्या पंतोजीला, ट्रेनिंग कॉलेजचा उंबरठा ओलांडल्यानंतर, आपल्या व्यवसायाविषयी चार शब्द ऐकविणारे असे दुसरे काय होते? कृष्णशास्त्र्यांच्या मागून १८६८ पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते चालविले, आणि त्यांच्या हातात ते इतके वाङ्मयीन व इतके तिखट झाले की सरकारची मर्जी खप्पा होऊन १८७५ साली ते बंद पडले. मराठी गद्याच्या इतिहासकारांनी याचा शोक केला नाही, कारण तोपर्यंत विष्णुशास्त्र्यांची निबंधमाला सुरू झाली होती. परंतु शिक्षकांच्या दृष्टीने पाहता, संपादकाच्या तेजस्वितेपायी त्यांचे एक हक्काचे पत्र बुडाले, असेही म्हणता येईल. शास्त्रीबोवांच्या भक्तांना हे रुचणार नाही, पण मला तसे वाटते खरे.

याच विष्णुशास्त्र्यांनी निबंधमालेत जोतीरावांच्या अशुद्ध भाषेची यथेच्छ टवाळी केली, आणि जोतीरावांनी त्यापूर्वीच १८६९ साली विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर पवाडा रचून खात्याच्या शिक्षकवर्गाचे वाभाडे काढले होते. एकाला शिक्षकाची भाषा सुधारावयाची होती, दुसऱ्याला शिक्षकाची दृष्टी. या दोघांनी एका टेबलाशी बसून मराठी शाळेचा विचार केला असता तर, अशी कल्पना मनात येते खरी; परंतु तत्कालीन पुण्याची हवा ज्याला माहीत आहे तो अशा कल्पनेच्या नादी लागणार नाही.

आता मूळ कागदाकडे येऊ. जोतीरावांचे निदान रोखठोक आहे. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण, त्यांतले थोडे ट्रेनिंग कॉलेजातून आलेले, बाकीचे अप्रशिक्षित, पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर, विद्या बेताची, आणि सर्वांत मोठा दोष हा की ते व्यवहारशून्य असल्यामुळे त्यांच्या हाताखाली शिकलेला कुणब्याचा पोर नांगराला पारखा होऊन नोकरीच्या मागे लागतो. उपाय म्हणून त्यांनी मागितले ते असे शिक्षक, जे शक्यतो शेतकरी वर्गातून घेऊन तयार केलेले असतील, ज्यांना प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही आणि जे खालच्या मानलेल्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील. त्यांच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे. अप्रशिक्षितांच्या जागी, ते विशेष कार्यक्षम नसतील तर, प्रशिक्षित माणसे नेमावीत. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा. आणि ज्याची पुष्कळ मुले उत्तीर्ण होतील त्याला पगाराखेरीज भत्ता मिळावा.

अध्यापनाचा दर्जा हा अध्यापकाच्या पोटाशी आणि प्रतिष्ठेशी बांधलेला असतो, ही गोष्ट आकड्यांनिशी इतकी रोखठोक मांडणारा त्या काळचा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही. पद्धतीच्या गोष्टी सांगणारे विद्वान तेव्हाही होते. दहा रुपयांत घर चालविणाऱ्या माणसाला नवी पद्धती सुचणार कोठून, हे विचारणारे थोडे.

तथापि एका कलमावर माझे जोतीरावांशी जुने भांडण आहे. शिक्षकाचा गावात मान वाढावा म्हणून गावचे हिशेब तपासणे, दस्तऐवज नोंदविणे, टपालाचे काम, स्टँप विकणे अशी कामे त्याच्याकडे सोपवावीत, असे त्यांनी सुचविले. हेतू उदात्त होता. गावगाड्यात कुलकर्ण्याच्या लेखणीला शह देणारी दुसरी लेखणी त्यांना उभी करावयाची होती. परंतु मास्तर हा गावातला मोफत कारकून आहे ही समजूत या देशात पुढे अशी रुजली की तिला आवर घालण्यासाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सत्ताविसावे कलम घालावे लागले. आणि त्या कलमातही जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका हे अपवाद राहिलेच. जोतीरावांच्या एका वाक्याने हे घडले असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्या चाणाक्ष नजरेला हा धोका दिसावयास हवा होता.

तपासणीविषयीचा भाग मात्र आजच्या अधिकाऱ्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवावा इतका मार्मिक आहे. त्या काळचा शिरस्ता असा की डेप्युटी इन्स्पेक्टर, म्हणजे लोकांच्या तोंडचे दिपोटी, वर्षातून एकदा येत, इयत्तावार मुले उभी करीत, वाचून घेत, हिशेब घालीत, शेरेबुकात चार ओळी लिहीत आणि पुढच्या गावास जात. दिपोटी येणार ही वर्दी आधीच पोचलेली असे. त्या दिवशी शाळा सारवली जाई, हुशार मुले पुढे बसत आणि कच्च्या मुलांना घरी बकऱ्या राखण्याचे काम अकस्मात निघे. जोतीरावांनी लिहिले की वर्षातून एकदाच्या या भेटीने काहीही साधत नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तरी तपासणी व्हावी, आणि शिवाय आगाऊ न कळविता अधिकाऱ्यांनी शाळांत जावे. गावच्या किंवा जिल्ह्याच्या अंमलदारांवर भिस्त ठेवू नये, कारण त्यांना सतराशे कामे. ते शाळेत गेलेच तर वरवर पाहून परततात.

निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीविषयीही त्यांनी इशारा दिला होता. इंग्लंडात रॉबर्ट लोने १८६२ मध्ये ती रूढ केली होती आणि इकडे तिचे कौतुक चालले होते. जोतीरावांचे म्हणणे, ज्या लोकांत विद्येची गोडीच अजून उत्पन्न झाली नाही त्यांच्या वस्तीत जाऊन, उत्तीर्ण पोरांच्या संख्येवर मिळकत ठरणार असेल तर, कोणता शिक्षक शाळा घालील? उत्तीर्ण मुलांसाठी भत्ता मागणारा हाच माणूस संपूर्ण मिळकत निकालावर टांगण्यास विरोध करतो, यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. बक्षीस वेगळे आणि भाकरी वेगळी. आयोगाने प्राथमिक शाळांसाठी निकालानुसार अनुदानाचीच शिफारस केली, आणि पुढे दहा-पंधरा वर्षांत खुद्द इंग्लंडने ती पद्धती टाकून दिली.

या कैफियतीत एक उणीव मात्र सलते. तिच्यातला शिक्षक कॉलेजात शिकतो, वरून तपासला जातो, पगार घेतो. परंतु तो दुसऱ्या शिक्षकाला भेटत नाही. एकाने शिकवावे, दुसऱ्याने पाहावे आणि मग दोघांनी मोकळेपणाने बोलावे, ही कल्पना तेव्हाच्या खात्याला सुचली नाही, तशी खात्याच्या या कठोर टीकाकारालाही सुचली नाही. ती आपल्याकडे धोरणाच्या भाषेत आली ती कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) अहवालात; त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. जवळपासच्या शाळांचा समूह करून त्यांतील शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावे आणि प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या दर पाच वर्षांत दोन-तीन महिने तरी प्रशिक्षण मिळावे, असे त्या अहवालात आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने आता वर्षाला पन्नास तास सांगितले आहेत. तासांचा हिशेब ठेवणे सोपे असते, म्हणून तो नीट ठेवला जाईल याविषयी मला शंका नाही.

महाराष्ट्रात समूहाचे केंद्र झाले, केंद्राला केंद्रप्रमुख मिळाला आणि केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद भरू लागली. मी पाहिलेल्या अशा एका परिषदेत सकाळचा सारा वेळ परिपत्रकांचे वाचन, ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचना आणि शिष्यवृत्तीचे तक्ते यांत गेला. जेवणाच्या आधी एका तरुण शिक्षिकेने अपूर्णांकांचा आदर्श पाठ घेतला. तिने भाकरीचा आकार कागदावर कापून मुलांकडून सारखे भाग करविले, तेव्हा एक मुलगा म्हणाला की आमच्या घरी भाग सारखे नसतातच, बापाचा मोठा असतो. ती क्षणभर थांबली आणि मग म्हणाली, तर मग त्याला पाव म्हणायचे का? वर्गात पाच मिनिटे खरा वाद झाला. मागे बसलेल्या शिक्षकांपैकी दोघे-तिघे पुढे सरकून ऐकू लागले. त्या पाठावर बोलण्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत दहा मिनिटे होती, आणि ती आभारप्रदर्शनात गेली.

शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की ही कार्यक्रमपत्रिका उलटी करावी: परिपत्रके दहा मिनिटांत वाचावीत, पाठ व त्यावरील चर्चा यांना सारी सकाळ द्यावी, आणि माहितीचे तक्ते भरून घेण्याचे काम केंद्रप्रमुखांच्या माथ्यावरून काढून, त्यांना महिन्यातले निदान आठ दिवस आगाऊ न कळविता वर्गात मागच्या रांगेत बसण्याची मोकळीक द्यावी.